श्वासाची राखण

पाथर्डी तालुक्यांतील आमच्या गांवीं 1966 सालच्या थंडींत माझी धाकटी बहीण वारली. ती नऊ महिन्यांची होती आणि मी आठ वर्षांचा होतों. तिला ‘डबा’ झाला आहे असें सर्वांनीं ठरविलें होतें. ज्यांना हा शब्द ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं सांगतों : तान्ह्या मुलाचा श्वास जोरानें चालूं लागला, पोट भात्यासारखें वरखालीं होऊं लागलें आणि बरगड्यांच्या खालीं दर श्वासाला खळगा पडूं लागला, म्हणजे त्यास आमच्याकडील बायामाणसें डबा म्हणत. डॉक्टर त्यालाच न्युमोनिया म्हणतात. डब्याचा उपाय ठरलेला होता. पोटावर डाग द्यावयाचे. ते दिले गेले. मूल रडलें, मग रडावयाचें थांबलें, आणि घरांतील मंडळींस वाटलें कीं आतां उतार पडला. पहाटें तें गेलें.

माझी आजी उंबऱ्यापाशीं बसली होती. ती एवढेंच म्हणाली, “मानमोडीत असंच पोट उडायचं.” मानमोडी म्हणजे काय हें त्या वेळीं मला ठाऊक नव्हतें. पुढें मी जुन्या अकरावीची मॅट्रिक झालों, शिक्षकाची सनद घेतली आणि पस्तीसांहून अधिक वर्षें मुलांना शंभरापर्यंत मोजावयास शिकविलें. शंभरापर्यंत मोजतां येणारीं चार माणसें त्या रात्रीं आमच्या घरांतही होतीं. पण श्वास ही देखील मोजावयाची वस्तु आहे, हें त्यांपैकीं एकालाही माहीत नव्हतें. आजच्या भाषणांत मी या मोजण्याचा, आणि श्वासावर नजर ठेवणाऱ्या माणसांचा, आपल्या जिल्ह्यापुरता थोडा इतिहास सांगणार आहें. मी वैद्य नाहीं. जें सांगतों तें वाचलेलें, परिचारिका भगिनींना विचारून घेतलेलें आणि थोडेंसें डोळ्यांनीं पाहिलेलें आहे. जिल्ह्याचें नांव 2024 सालीं अहिल्यानगर झालें. परंतु जुन्या गोष्टी सांगतांना तोंडांत नगर हाच शब्द येतो, त्याची आपण क्षमा करावी.

आतां ही मानमोडी. 1918 सालीं सर्व जगांत इन्फ्ल्युएंझाची जी सांथ आली तिचें हें मराठी नांव. अंग असें मोडून येई कीं मान धरवत नसे, त्यावरून तें पडलें. जून महिन्यांत मुंबईस तिची पहिली लाट आली. ती सौम्य होती. दुसरी सप्टेंबरांत आली आणि ऑक्टोबरच्या 6 तारखेस एकट्या मुंबई शहरांत एका दिवसांत 768 माणसें दगावलीं. सगळ्या हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें या सांथीनें नेलीं. आमच्या जिल्ह्यावर तर त्या वर्षीं दुहेरी घाला पडला. पावसानें दगा दिला, खरीप बुडालें, जनावरांस चारा राहिला नाहीं, आणि अर्धपोटीं माणसांच्या छातींत हा ताप उतरला. 1911 च्या शिरगणतींत नगर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारें 9 लाख 45 हजार होती. दहा वर्षांनीं, म्हणजे 1921 सालीं, ती सुमारें 7 लाख 31 हजार भरली. हीं सर्वच माणसें मानमोडीनें मेलीं असें नव्हे. कित्येक दुष्काळानें मेलीं, कित्येक पोटासाठीं देशोधडीला लागलीं. तरीही एका पिढींत ज्या जिल्ह्याची वस्ती वाढावयाची, ती दोन लाखांनीं घटली, या आंकड्यापाशीं मी दर वेळीं थांबतों. शाळेंत भूगोल शिकवितांना तो फळ्यावर लिहीत असें आणि मुलें वहींत उतरून घेत असत. त्यांतला एक आंकडा माझ्या आजीचा थोरला भाऊ होता, हें मीं कधीं वर्गांत सांगितलें नाहीं.

आजी तेव्हां पंधरा वर्षांची, नुकतीच सासरीं आलेली. ती सांगे कीं माणूस दुपारीं शेतांतून येई, रात्रीं अंगांत आग आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं ओंठ जांभळासारखे. ही जांभळी छटा त्या काळच्या युरोपांतील डॉक्टरांनींही लिहून ठेविली आहे. फुप्फुसांत पाणी भरलें, रक्ताला प्राणवायु मिळेनासा झाला कीं ओंठांचा, नखांचा व कानाच्या पाळ्यांचा रंग असा पालटतो. 1918 सालीं या अवस्थेवर औषध नव्हतें. पेनिसिलीनचा शोध 1928 सालचा; तें लोकांच्या हातीं यावयास आणखी पंधरा-वीस वर्षें लागलीं. प्राणवायूचा मुखवटा महायुद्धांत विषारी वायूनें भाजलेल्या शिपायांसाठीं हाल्डेन नांवाच्या शास्त्रज्ञानें नुकताच तयार केला होता, पण तो पाथर्डीस कोठून येणार? तेव्हां उरली ती केवळ शुश्रूषा. पाणी पाजणें, उशाशीं गाठोडें देऊन रोग्याला अर्धवट बसतें करणें, खिडकी उघडी ठेवणें, कूस पालटणें. एवढें करणारें माणूस ज्याच्या उशाशीं होतें तो कदाचित् वांचला. आजीच्या भावाच्या घरांत सर्वच आंथरुणावर होतीं. पाणी देण्यास कोणी उठूं शकलें नाहीं.

त्या वेळीं नगर शहरांत शिकलेल्या परिचारिका मुळींच नव्हत्या असें नाहीं. अमेरिकन मराठी मिशन 1831 सालापासून नगरास होतें. या मिशनच्या सिंथिया फरार बाईंच्या संस्थेंत सावित्रीबाई फुले यांनीं अध्यापनाचें शिक्षण घेतलें, हें पुष्कळांस ठाऊक आहे. त्याच सावित्रीबाई 1897 सालच्या प्लेगांत पुण्याजवळ, पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यासाठीं रोगी आणतां आणतां स्वतः प्लेगानें वारल्या. आपल्याकडे त्यांचें स्मरण शिक्षिका म्हणून होतें तें योग्यच आहे. पण त्यांच्या आयुष्याचा शेवट एका परिचारिकेचा आहे, इकडे मला लक्ष वेधावेंसें वाटतें. विसाव्या शतकाच्या आरंभीं याच मिशनच्या डॉ. रूथ ह्यूम यांनीं नगरास बायकांसाठीं रुग्णालय उभारलें. तेंच पुढें मुक्तिफौजेच्या हातीं गेलें आणि आज ज्याला लोक ‘बूथ हॉस्पिटल’ म्हणतात तें हेंच. तेथें मुलींना शुश्रूषेचें शिक्षण मिळूं लागलें. या मुली बहुधा ख्रिस्ती घरांतल्या असत. बाकीच्या समाजानें आपल्या मुली त्या कामास बराच काळ पाठविल्या नाहींत. परक्याचें मलमूत्र काढणें, परपुरुषाच्या अंगास हात लावणें, रात्रपाळी करणें, हें सर्व हलकें मानलें गेलें. ज्या घरांतून हीं नाकें मुरडलीं जात, त्याच घरांतलीं माणसें धाप लागली कीं टांगा करून त्याच मुलींच्या दारीं येत.

शुश्रूषाशास्त्राचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंचें छोटें पुस्तक 1859 सालीं निघालें. त्यांत पहिला धडा हवेचा आहे, औषधाचा नाहीं. रोग्यास थंडी वाजूं न देतां त्याच्या खोलींतील हवा बाहेरच्या हवेइतकी स्वच्छ राखणें हें परिचारिकेचें पहिलें काम, असा त्यांचा आग्रह. पुढें एक सबंध प्रकरण रोग्याकडे पाहण्याविषयीं आहे. पाहणें हीही विद्या आहे व ती शिकावी लागते, हें त्या बाईंनीं ठासून सांगितलें. मला हें प्रकरण फार आवडतें, कारण मास्तराच्या धंद्यांतही निम्मी विद्या पाहण्याचीच असते.

परंतु श्वास नुसता पाहून भागत नाहीं, कधीं तो दुसऱ्यासाठीं घ्यावाही लागतो. 1952 सालीं डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरीं पोलिओची मोठी सांथ आली. ज्यांच्या छातीचे स्नायु लुळे पडले ते गुदमरून मरत. दर शंभरांत ऐंशींहून अधिक दगावत. मोठीं श्वासयंत्रें हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीं. तेव्हां ब्यॉर्न इब्सेन नांवाच्या भूल देणाऱ्या डॉक्टरानें गळ्याला छेद घेऊन नळी घालण्याची व तिला जोडलेली रबरी पिशवी हातानें दाबून फुप्फुसांत हवा भरण्याची युक्ति काढली. पिशवी दाबणार कोण? सुमारें पंधराशें वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीनें बसले. आठवडे गेले, महिने गेले. एकेका रोग्याच्या उशाशीं एक तरुण मुलगा बसलेला, आणि त्याच्या मुठीच्या उघडझापेवर पलीकडचें मूल जगत आहे. त्या मुलांबरोबर परिचारिका होत्या. नळींतील कफ ओढून काढणें, रोग्याचा रंग व नाडी पाहणें, विद्यार्थी पेंगला तर त्यास जागें करणें, हें त्यांचें काम. मृत्यूंचें प्रमाण निम्म्यावर आलें. आज प्रत्येक मोठ्या रुग्णालयांत जो अतिदक्षता विभाग असतो त्याचा जन्म या प्रसंगांतून झाला. आजही श्वास बंद पडलेल्या रोग्याजवळ प्रथम हातीं घेतली जाते ती हातानें दाबावयाची पिशवीच, आणि वीज गेली तरी ती चालते.

कोपनहेगनहून एकदम जामखेडास येतों. 1970 सालीं डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हें दांपत्य आपल्या जिल्ह्याच्या या कोपऱ्यांत येऊन राहिलें. दुष्काळी मुलूख, पहिल्या मोजणींत हजार जन्मलेल्या बालकांमागें 176 बालकें वर्ष पुरें होण्याच्या आंत दगावत असल्याचें आढळलें. प्रथम त्यांनीं शिकलेल्या परिचारिका खेड्यांत पाठवून पाहिल्या. त्या एकट्या परक्या गांवीं टिकेनात, आणि गांवकऱ्यांचाही त्यांच्यावर विश्वास बसेना. मग गांवानेंच आपल्यांतली एक बाई निवडावी आणि तिला शिकवावें, असें ठरलें. निवडल्या गेलेल्या पुष्कळ बाया निरक्षर होत्या. कित्येक ज्यांना उंबऱ्याच्या आंत घेत नसत अशा जातींतल्या. त्या दर आठवड्याला जामखेडास येत, शिकत, एकमेकींना आपले अनुभव सांगत आणि परत जाऊन शिकलेलें गांवाच्या गळीं उतरवीत. 1979 सालीं आरोळे दांपत्याला मॅगसेसे पारितोषिक मिळालें तेव्हां वर्तमानपत्रांत त्या दोघांचीं नांवें आलीं. त्या बायांचीं आलीं नाहींत, पण पारितोषिकांत त्यांचा वाटा होता, हें आरोळे स्वतःच सांगत.

शाळा तपासणीच्या निमित्तानें एकदां त्या बाजूच्या एका गांवीं माझा मुक्काम पडला होता. तेथील आरोग्यसेविका साठीच्या घरांतली, सही करतां न येणारी. एका घरीं मूल किरकिरत होतें. ही आंत गेली, आईला म्हणाली, “पोरी, आधी त्याचं रडं थांबूं दे, मग बघते.” मूल दूध पिऊन शांत झाल्यावर तिनें त्याचें झबलें वर केलें आणि पोटाकडे पाहत बराच वेळ गप्प बसली. तिचे ओंठ हालत होते. मला वाटलें कीं बाई मंत्र पुटपुटते आहे. ती मोजत होती! मला त्या दिवशीं प्रथम कळलें कीं रडणाऱ्या, दूध पिणाऱ्या किंवा तापानें फणफणलेल्या मुलाचा श्वास मोजला तर फसगत होते, आणि मोजावयाचा तो सबंध एक मिनिट. पाव मिनिट मोजून चौपट करावयाचा नाहीं. तान्ह्या मुलांचा श्वास मुळांतच अडखळत चालतो, मध्येंच थबकतो, मध्येंच धांवतो.

या मोजणीमागील गणित फार सोपें आहे, आणि तें शोधण्याचें श्रेय कोणत्याही श्रीमंत देशाच्या प्रयोगशाळेला नाहीं. पापुआ न्यू गिनी या देशांत काम करणाऱ्या डॉ. फ्रँक शान यांनीं दाखविलें कीं क्ष-किरणांचें चित्र नसतां, स्टेथास्कोप नसतां, केवळ श्वासाची गति व छातीचा खळगा एवढ्यावरून बालकांचा न्युमोनिया ओळखतां येतो. जागतिक आरोग्य संघटनेनें तें मान्य केलें. दोन महिन्यांच्या आंतील मुलास मिनिटास 60 किंवा अधिक श्वास, दोन महिने ते वर्षापर्यंतच्या मुलास 50 किंवा अधिक, एक ते पांच वर्षांच्या मुलास 40 किंवा अधिक, असे आढळले कीं तो न्युमोनिया समजावा. आणि श्वास घेतांना छातीचा खालचा भाग आंत ओढला जात असेल, तर आंकड्याची वाटही न पाहतां रुग्णालय गांठावें. माझी बहीण नऊ महिन्यांची होती. तिची मर्यादा पन्नासाची होती.

गडचिरोलींत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनीं हें गणित ज्यांना पन्नासापर्यंत अंक येत नाहींत अशांच्या हातीं दिलें. त्यांनीं एक साधन तयार केलें : मिनिटाची वाळूची घटिका आणि शेजारीं तारेंत ओंवलेले मणी. दहा श्वास झाले कीं एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वीं लाल मण्याची पाळी आली तर न्युमोनिया. दहापर्यंत मोजतां आलें म्हणजे झालें. आणि दहापर्यंत कोणत्या आईला येत नाहीं? गांवच्या सुइणींनीं व आरोग्यदूतांनीं असें मोजून गोळ्या देण्यास सुरुवात केल्यावर त्या गांवांतील बालकांचे न्युमोनियानें होणारे मृत्यु निम्म्याहून अधिक घटले. 1990 सालीं लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत हें प्रसिद्ध झालें. शेतकऱ्याच्या घरीं पाटीवर लावलेल्या मण्यांच्या चौकटीवर मुलांना अंक शिकवितां शिकवितां माझें आयुष्य गेलें. तेच मणी याही कामास येतात, हें वाचलें त्या दिवशीं मला सबंध दुपार दुसरें कांहीं सुचलें नाहीं.

मोठ्या माणसांचें मात्र मोजावयाचें राहून जातें. रुग्णालयांत रोग्याच्या पायथ्याशीं कागद लटकलेला असतो. त्यावर ताप, नाडी, रक्तदाब यांचे आंकडे काळजीपूर्वक भरलेले दिसतात, कारण ते यंत्र सांगतें. श्वासाच्या रकान्यांत मात्र पुष्कळ ठिकाणीं सवयीनें एकच आंकडा उतरलेला असतो. हें आपल्याकडेच चालतें असें नाहीं. विलायतेंतही या रकान्याची हीच तक्रार आहे. आणि गंमत अशी कीं शरीर बिघडूं लागलें म्हणजे पुष्कळदां सर्वांआधीं हाच आंकडा हालतो. निरोगी प्रौढ माणूस स्वस्थ बसला असतां मिनिटास बारा ते वीस श्वास घेतो. पंचविशी ओलांडली कीं डॉक्टरांस बोलवावें. तिशी ओलांडली तर धांवत बोलवावें.

एका निवृत्त परिचारिका भगिनींनीं, ज्या आमच्या गल्लींत राहतात व ज्यांना सर्व गल्ली सिस्टर म्हणते, मला पाहण्याच्या आणखी कांहीं खुणा शिकविल्या. रोग्याला दोन प्रश्न विचारावे. तो वाक्य पुरें न करतां दर दोन-तीन शब्दांना थांबत असेल, तर वेळ थोडा उरला आहे. तो आपण होऊन उठून बसला असेल, हात गुडघ्यांवर टेकून पुढें वांकला असेल, गळ्याच्या खालचा खळगा आंत ओढला जात असेल, तर त्यास कदापि आडवें पाडूं नये. तो ज्या आसनांत बसला आहे तें आसन शरीरानेंच निवडलेलें असतें. घरच्या लोकांना मात्र वाटतें कीं त्यानें पडून विश्रांति घ्यावी. दमेकऱ्याच्या छातींतील सूं-सूं एकाएकीं थांबली आणि माणूस गप्प झाला, तर नातेवाईक देवाचे आभार मानतात. सिस्टर मात्र तेव्हांच धांवत सुटत, कारण आवाज होण्यापुरतीही हवा आंतबाहेर जात नाहीं असा त्याचा अर्थ असूं शकतो. धडपडणारा रोगी पेंगूं लागला, असंबद्ध बोलूं लागला, तर ती झोंप नव्हे. हें ऐकतांना माझ्या डोळ्यांपुढें रडावयाची थांबलेली माझी बहीण उभी राहिली, हें मी सिस्टरांना सांगितलें नाहीं.

प्राणवायु देण्याविषयींही त्या एक सावधगिरी सांगत. ज्यांनीं जन्मभर विडी ओढली आहे, किंवा ज्या बायांनीं चाळीस वर्षें चुलीचा धूर गिळला आहे, त्यांच्या जुनाट दम्याला प्राणवायूचा मारा करूं नये. त्यांच्या रक्तांतील प्राणवायूचें माप शेंकडा 88 ते 92 च्या दरम्यान राखावें असा नियम आहे. इतरांस 94 च्या वर. परंतु माणूस निळा पडत असतां प्राणवायु रोखूनही धरूं नये. जेवतांना घांस अडकला, माणसाला खोकतां-बोलतां येईना, तर त्याला पुढें वांकवून पाठीवर दोन खवाट्यांमध्यें तळहाताच्या टांचेनें पांच जोरदार तडाखे द्यावे. तरी न निघाल्यास मागें उभें राहून बेंबीच्या वर मूठ धरावी आणि आंत व वर असे पांच झटके द्यावे. घांस निघेपर्यंत हें आळीपाळीनें चालूं ठेवावें. वर्षाच्या आंतील बालकास मात्र पोटावर झटका कधीं देऊं नये. एवढें तरी प्रत्येक घरांत एकास यावें, असें मला वाटतें.

2020 सालच्या मार्चांत कोरोनाचा रोगी नगरास आढळला आणि शंभर वर्षांनीं आजीचा शब्द पुन्हा ऐकूं येऊं लागला. दोन वर्षें बूथ हॉस्पिटल याच रोग्यांनीं भरलेलें होतें. हजारों लोक तेथून बरे होऊन गेले. 2021 च्या उन्हाळ्यांत पारनेर तालुक्यांत भाळवणीस सुमारें अकराशें खाटांचें केंद्र उभें राहिलें. घरोघर बोटाला लावावयाचा तो चिमटा आला, ज्याला ऑक्सिमीटर म्हणतात. नखावर उजेड पाडून रक्ताच्या लालीवरून प्राणवायु मोजण्याची ही युक्ति जपानच्या ताकुओ आओयागी यांनीं 1974 सालीं मांडली. योगायोग असा कीं सांथ ऐन भरांत असतां 2020 च्या एप्रिलांत ते वारले. या आजारांत कित्येकांचा प्राणवायु धोक्याच्या खालीं उतरलेला असूनही त्यांना धाप जाणवत नसे. माणूस हंसत बोलत असे आणि तासाभरांत कोसळत असे. अशांना या चिमट्यानें वांचविलें. पण चिमटा फसवितोही. बोट थंड असलें, नखाला रंग किंवा मेंदी असली कीं आंकडा चुकतो. सांवळ्या कातडीवर तो कधीं कधीं खऱ्यापेक्षां अधिक दाखवितो, हेंही त्याच वर्षीं अमेरिकेंत सिद्ध झालें. आपण बहुतेक सांवळीच माणसें.

प्राणवायु केवळ सिलिंडरांत असून भागत नाहीं. नाशकास 21 एप्रिल 2021 रोजीं महापालिकेच्या रुग्णालयांत टाकी गळली, नळांतील दाब उतरला आणि किमान 22 रोगी दगावले. आपल्या नगराच्या जिल्हा रुग्णालयांत त्याच वर्षीं 6 नोव्हेंबरला अतिदक्षता विभागास आग लागून किमान 11 रोगी मृत्युमुखीं पडले. पुढें ज्यांच्यावर निलंबनाची आणि अटकेची पाळी आली त्यांत परिचारिकाही होत्या. त्या प्रकरणाचा न्याय करण्याचा मला अधिकार नाहीं. मनांत मात्र येतें कीं जे लोक स्वतः उठून दाराबाहेर जाऊं शकत नाहींत, ज्यांचा श्वास भिंतींतून आलेल्या नळीवर चालतो, त्यांच्या खोलीची बांधणी करतांना प्रथम दाराचा विचार व्हावयास हवा.

आतां माझ्या घरची एक गोष्ट सांगून थांबतों. 2021 च्या एप्रिलांत माझे थोरले बंधु, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतों, ते तापानें आजारी पडले. चौथ्या दिवशीं चिमटा 94 दाखवीत होता. आम्हीं समाधानानें तो आंकडा वहींत लिहिला; मास्तराच्या घरांत वही असतेच. सिस्टर दाराशीं आल्या. दोन हातांवर उभ्या राहून त्यांनीं अण्णांकडे पाहिलें आणि मला म्हणाल्या, “गुरुजी, यंत्र बाजूला ठेवा. त्यांचा श्वास मोजा. पूर्ण मिनिट.” मीं घड्याळ घेतलें. जन्मभर मोजण्याचा धंदा केलेला मी, दोन वेळां चुकलों. तिसऱ्या खेपेस 32 भरले. अण्णा म्हणत होते कीं मला कांहीं होत नाहीं. “चालून दाखवा बरं,” सिस्टर म्हणाल्या. खोलींत चार फेऱ्या मारतांच चिमट्यानें 86 दाखविले.

जागा मिळविण्यांत रात्र गेली. ज्या रुग्णालयांत ती मिळाली त्याचें नांव मी घेत नाहीं, कारण तेथें जें घडलें तें त्या दिवसांत कोठेंही घडूं शकत होतें. चाळीस खाटांना दोन परिचारिका. एकाच वेळीं इतकीं यंत्रें ठणाणत कीं कोणाचें ऐकावें? तिसऱ्या रात्रीं अण्णांची नळी भिंतींतल्या जोडापाशीं निसटली. त्यांना हांक मारण्याचें त्राण नव्हतें. ते उठून बसले आणि गुडघ्यांवर हात टेकून वांकले. खोलीच्या दुसऱ्या टोंकाला सुई देत असलेल्या परिचारिकेनें मान वळवून एकदां सर्व खाटांकडे पाहिलें. ती कोण होती हें अण्णांना ठाऊक नाहीं. प्लास्टिकच्या झग्यांतून फक्त डोळे दिसत. ती आली, अण्णांच्या नाकापाशीं नळी बोटांत धरली आणि बोटें सोडवीत सोडवीत भिंतीपर्यंत गेली. तेथें जोड बसविला. मग त्यांना पालथें झोंपवलें, पाठीवर हात ठेवला आणि तसाच कांहीं वेळ ठेवून उभी राहिली. अण्णा म्हणतात, “ती मोजत होती रे. मला हातावरून कळत होतं.”

सतरा दिवसांनीं अण्णा घरीं आले. जिना चढतांना त्यांना अजून थांबावें लागतें. संध्याकाळीं ते ओट्यावर बसतात, सिस्टर भाजी घेऊन जातांना फाटकाशीं थबकतात, प्रथम त्यांच्या गळ्याखालच्या खळग्याकडे पाहतात, आणि मग विचारतात, “काय अण्णा, कसं आहे?”